तंबाखूच्या पानावरचं दव

कोल्हापूर
२८ जानेवारी २०२५

प्रिय निशे,

हे पाकीट पोस्टमनच्या हातात बघून तुला वाटेल की कुणाची तरी वाईट बातमी आली. तसं काही नाही, आधी नीट बसून घे. फोन केला असता, पण तुझ्याकडे सतत चालू असलेल्या यंत्रमागांच्या खडखडाटात तू दरवेळी "बरं हाय, तू कशी हायस" एवढं म्हणून ठेवतेस. आणि मला जे सांगायचं आहे ते अर्ध्या मिनिटात मावणारं नाही. शिवाय गेला दीड महिना मी अशा आनंदात आहे की समोर दिसेल त्याला धरून सांगत सुटले आहे. शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीच्या मालकीणबाईंना सांगितलं, तालमीपुढे चहा विकणाऱ्या काकांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे तंबाखू सोडू म्हणतासा काय?" ज्या माणसाला हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं तिला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

माझा अभ्यास कशावर आहे हे तुला ठाऊक आहे. विडीच्या तंबाखूचं पान हिरवं असताना त्यात काय काय असतं, आणि वाळवून मुरवल्यावर त्यातलं काय उरतं, काय जातं, काय नवीन येतं. विषय ऐकून आमच्या नात्यातले लोक हसले होते. लालासाबची पोरगी शहरात जाऊन शेवटी तंबाखूच चिवडायला लागली म्हणाले. अब्बांनी मात्र मान वर केली होती. आयुष्यभर गणपतरावांच्या आणि अजून दहा जणांच्या रानात ते पाला वाळवत आले आहेत. कापलेली झाडं वावरात उलटी पसरायची, दवानं पान मऊ झालं की उलथायची, उन्हात पुन्हा कडक होऊ द्यायची, मग गंजी रचून आतल्या आत मुरू द्यायची, आणि गंजीत हात घालून, पान नाकाशी धरून सांगायचं की अजून दोन दिवस. त्या दोन दिवसांत आत काय घडतं हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी गंजीतून रोज एक पान नेत होते. अब्बांनी ज्या दिवशी "झालं, काढा" म्हटलं, त्याच दिवशी माझ्या आकड्यांचा चढउतार थांबला होता. मी ते कागद त्यांना दाखवले तर म्हणाले, "एवढं मोठं यंत्र घेतलं सरकारनं, मला इच्यारलं असतं तरी सांगितलं असतं."

तुला हे आवडेल म्हणून लिहिते, कारण आपल्या वर्गात रसायनशास्त्र खरं कळायचं ते तुलाच. कॉलेजात आपण पानाचा हिरवा रंग काढून टाकून त्यावर आयोडिन टाकलं होतं आणि ते निळंकाळं झालं होतं, आठवतं? पिष्ट आहे याची खूण. हिरवं तंबाखूचं पान तसंच निळंकाळं होतं. आठ दिवस वाळलेल्या पानावर तेच आयोडिन टाक, रंग येत नाही. पिष्टाची साखर झालेली असते, आणि ती साखरही पान स्वतःच खाऊन टाकतं. निशे, कापलेलं पान कित्येक दिवस जिवंत असतं. श्वास घेतं. पाणी सोडून द्यायचं म्हटलं तरी त्याचं वजन पाचव्या हिश्श्यानं घटतं, कारण तेवढं ते जाळून बसलेलं असतं. हिरवा रंग मोडतो आणि त्याच्याखाली आधीपासून असलेला पिवळा दिसायला लागतो. मग चिरलेलं वांगं काळं पडतं तसं पान तपकिरी होत जातं. प्रथिनं तुटतात, थोडा अमोनिया सुटतो. गंजीजवळ गेल्यावर आपल्या डोळ्यांत पाणी यायचं ते त्यानंच.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली. मुरलेल्या पानात निकोटिनचा टक्का हिरव्यापेक्षा जास्त दिसला आणि मी धावत उदयसिंह सरांकडे गेले. ते माझे मार्गदर्शक. म्हटलं, सर, मुरताना निकोटिन वाढतं. सरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, घरातली चार माणसं बाहेर गेली म्हणून उरलेली दोन वाढली असं म्हणतेस काय?" बाकीचं वजन घटलं होतं, म्हणून टक्का चढला होता. निकोटिन उलट थोडं कमीच झालं होतं. मी दोन दिवस प्रयोगशाळेत तोंड लपवून फिरत होते.

वाईट गोष्टही सांगते. हिरव्या पानात जवळजवळ नसलेली काही द्रव्यं मुरताना तयार होतात, आणि ती कर्करोगाला कारण होणारी आहेत. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. "म्हंजे चाळीस वर्सं मी हेच पिकीवलं व्हय," एवढंच म्हणाले, आणि पुढं दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "लिहून काढ. खरं हाय ते लिहून काढायचं." त्यांची तंबाखूची चंची त्यानंतर मला दिसलेली नाही. मी विचारलंही नाही.

आता खरी गोष्ट. पहिली दोन वर्षं मी हिरवी पानं दुपारी तोडून आणत होते. यंदा सरांनी सांगितलं की पानं तोडल्या दिवशीच यंत्राला लागली पाहिजेत. म्हणून नोव्हेंबरपासून मी पहाटेच रानात जायला लागले. दवात चिंब झालेला पाला, छातीइतकी झाडं, ओंजळीएवढं दव एकेका पानावर. अंगातला ड्रेस खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भिजायचा. पानं पिशव्यांत भरून, बर्फाच्या डब्यात घालून, सातची एस.टी. पकडायची. कंडक्टर रोज नाक मुरडायचा. दुसऱ्याच फेरीला कागल स्टँड यायच्या आत मला गरगरायला लागलं. खिडकीतून तोंड बाहेर काढून ओकले. डोकं इतकं दुखत होतं की प्रयोगशाळेत जाऊन टेबलावर डोकं टेकून बसले. सगळ्यांनी सांगितलं, उपाशीपोटी जातेस, पित्त झालं. मीही तेच धरून चालले. पण ती मळमळ मला ओळखीची वाटत होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र लावायला बसले होते. नमुन्याच्या आधी नेहमी कोरं पाणी सोडून बघतात. यंत्रातून प्रत्येक द्रव्य आपापल्या ठरलेल्या मिनिटाला बाहेर पडतं आणि तेव्हा पडद्यावरची रेघ वर उठते; कोऱ्या पाण्याची रेघ सपाट यायला हवी. त्या दिवशी ती सपाट येईना. बरोबर ज्या मिनिटाला निकोटिन येतं त्या मिनिटाला रेघ उठली आणि डोंगरासारखी वर गेली. मला वाटलं नळी खराब आहे. सगळं धुतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा तोच डोंगर. तिसऱ्यांदा पाणी घ्यायला हात पुढं केला तेव्हा दिसलं की मी चुकीच्या चंचुपात्रातून घेत होते. ते कोरं पाणी नव्हतंच. पानांच्या पिशव्यांच्या तळाशी साठलेलं दव मी सकाळी त्या पात्रात ओतून ठेवलं होतं, नंतर फेकायचं म्हणून.

निशे, मी ते पात्र उजेडात धरून बघितलं. पानाचा एक तुकडा त्यात नव्हता, नुसतं दव होतं. आणि त्यात निकोटिन होतं, थोडंथोडकं नाही, भरपूर. म्हणजे पानावरच्या चिकट केसांतून ते दवात उतरतं आणि पहाटे रानात शिरणारी बाई त्या पाण्यानं गळ्यापासून पायापर्यंत भिजते. कातडीतून निकोटिन आत जातं हे पुस्तकात मी शंभरदा वाचलं होतं. माझ्या भिजलेल्या ड्रेसशी त्याचा संबंध मला महिनाभरात लागला नव्हता. मी सरांच्या खोलीकडे अक्षरशः पळत गेले. ते म्हणाले, "तीनदा कर. वेगळ्या रानातलं घे. मग माझ्याकडे ये." मी पाच रानांतलं घेतलं. पहाटेचं, आठचं, दहाचं. दहा वाजता पानं कोरडी झाली की पुसून घेतलं तरी हाताला फारसं काही लागत नाही. मुरलेल्या पानाचीही तशी भीती नाही, कारण ते भिजलेलं नसतं आणि हात कोरडे असतात. हिरवं पान, त्यावर दव, आणि उघडी कातडी, हे तिन्ही एका वेळी आले की मग होतं.

पाचही रानांचे कागद घेऊन गेले तेव्हा सरांनी कपाटातून एक जुना निबंध काढून माझ्यापुढं ठेवला. दुसऱ्या देशांत हे पन्नास वर्षांपूर्वी शोधून झालं आहे. त्याला नाव आहे, हिरव्या तंबाखूचा आजार. मळमळ, उलट्या, गरगरणं, अशक्तपणा, पांढरंफटक तोंड. एक-दोन दिवसांत आपोआप बरं वाटतं. मला क्षणभर वाईट वाटलं, आपण काही नवीन शोधलं नाही म्हणून. मग भयंकर राग आला. पन्नास वर्षं हे कागदावर आहे आणि आपल्या गावात एकाही बाईला ठाऊक नाही. त्या निबंधात अजून एक वाक्य होतं, ते मी दोनदा वाचलं. ज्यांना तंबाखूची सवय आहे त्यांना हा त्रास फार कमी होतो, कारण शरीर निकोटिनला सरावलेलं असतं.

आता तुझ्या लक्षात आलं असेल मी कुठं चालले आहे ते.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची दिवाळीची सुट्टी. आपण दोघी गणपतरावांच्या रानात खुडणीला गेलो होतो. शेंडे खुडायचे, बगलेतली फूट काढायची. तुला पांढरा ॲप्रन स्वतःच्या कमाईचा हवा होता. दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमाराला तू सरीत बसलीस, ओकलीस, आणि आडवी झालीस. ओठ पांढरे पडले होते. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मध्ये बसवून तुला कागलला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि पडद्याआड तुझ्या आईला विचारलं, "लग्न झालंय काय हिचं?" पडदा कापडाचा होता. रानात त्या वेळी बाळाबाई सगळ्या बायकांवर देखरेखीला होत्या, आणि तुझ्याबरोबर दवाखान्यात त्याही आल्या होत्या, पडद्याबाहेर त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळी त्या पारावर म्हणाल्या, "पंधरा बाया सकाळपासनं त्याच रानात हाईत. कुणाला काय झालं न्हाय. अठरा वर्साची पोर, सकाळी सकाळी उलट्या. मी चार लेकरांची आय हाय, मला शिकवू नका." पुढचं तुला मी कशाला सांगू? तुझी तपासणी झाली होती दवाखान्यात, काही नाही असं त्यात आलं होतं, पण ते कुणी विचारलंच नाही. कृष्णातकाकांनी बाप असून तुला एक शब्द विचारला नाही, मारलं नाही, ओरडले नाहीत. सुट्टी संपली तशी कॉलेजातून नाव काढून आणलं. माघात तुझं लग्न झालं. कबनूरचं स्थळ, घरचे माग, सगळे म्हणाले नशीब काढलं पोरीनं. ऋतुराजदाजी चांगले आहेत हे मला ठाऊक आहे, आणि ते चांगले निघाले हे खरंच नशीब. पण प्रयोगशाळेत जिनं पहिल्याच दिवशी बर्नर न घाबरता पेटवला ती दहा वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरते आहे.

पंधरा बायकांना काही झालं नाही, कारण त्या पंधराही जणी सकाळी उठल्या उठल्या भाजल्या तंबाखूची मिश्री दातांना लावायच्या. माझ्या डोक्यात हा उजेड डिसेंबरमध्ये पडला. बाळाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी जे बघितलं ते खरंच होतं. दवात सगळ्या भिजल्या आणि पडलीस तू.

मग मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. रक्त तपासायला परवानगी लागते, ती अजून आलेली नाही, म्हणून नुसती विचारपूस केली. यंदा खुडणीला जाणाऱ्या, मिश्री न लावणाऱ्या सहा पोरी मला सापडल्या. सहापैकी पाच जणींना झालं होतं. एकीनंही घरात सांगितलं नव्हतं. एक म्हणाली, "सांगून काय व्हतंय मॅडम, लोक काय बी म्हणत्यात." निशे, हे वाक्य ऐकून मला रात्रीपर्यंत थांबवेना. त्याच दुपारी जाऊन सरपंचांना गाठलं आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मला अर्धा तास द्या म्हटलं.

परवा ती सभा झाली. झेंडावंदन आटोपल्यावर शाळेच्या पटांगणात सगळे बसले होते. मी कागदावर ती रेघ मोठी काढून नेली होती. कोऱ्या पाण्याची सपाट, आणि तिच्याखाली दवाची, डोंगर आलेली.   दव कसं उतरतं, कातडीतून कसं जातं, मिश्री लावणाऱ्या बाईला ते का जाणवत नाही, आणि म्हणून मिश्री चांगली असं कुणी समजू नये, हे सगळं सांगितलं. दहाच्या आधी खुडणीला जायचं नाही, जावंच लागलं तर अंगावर रेनकोट, हातात मोजे, आणि घरी आल्यावर साबणानं अंग धुवायचं. मागून कुणीतरी ओरडलं, "थंडीत रेनकोट घालून गेलो तर येडी म्हणतील की." हशा झाला. गणपतराव उठले. मला वाटलं आता भांडण. ते म्हणाले, "शेवटच्या दोन खुडण्या राहिल्यात. दहाला चालू करू. बघूया काय फरक पडतोय." अब्बा मागच्या रांगेत बसून टोपी सारखी करत होते. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, पण सगळ्यांकडे बघत होते.

आणि तेव्हा बाळाबाई उभ्या राहिल्या. आता साठी ओलांडली आहे त्यांनी, काठी लागते. त्यांनी विचारलं, "पोरी, म्हंजे जी मिश्री लावत न्हाय तिलाच उलट्या व्हणार?" मी हो म्हटलं. "आणि दीस गेल्यासारखंच दिसणार?" मी म्हटलं, दिसायला तसंच. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "मग कृष्णातच्या पोरीला बी त्येच झालं असणार. पारावर मी बोलले हुते. माझ्याच तोंडानं." आणि खाली बसल्या.  तुझी आई बायकांच्या पुढच्या रांगेत होती. तानाकाकू उठल्या, सरळ माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तो कागद मला दे." त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. त्यांनी त्या डोंगरावर बोट ठेवून मला विचारलं, "ह्येच काय?" मी म्हटलं, हेच. त्यांनी कागदाची घडी घालून पदराखाली धरली आणि घरी गेल्या. सभा संपायच्या आधीच.

काल सकाळी कृष्णातकाका आमच्या दारात आले. दहा वर्षांत ते आमच्याकडे आले नव्हते. अब्बांनी घोंगडं टाकलं, ते बसले नाहीत. उभ्या उभ्या मला म्हणाले, "दव म्हंजे, नुस्तं दवच व्हय?" मी म्हटलं, हो काका, नुसतं दव. त्यांनी दोनदा मान हलवली. मग तिथंच उंबऱ्यावर बसले. अब्बा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.  काका म्हणाले, "मी तिला इच्यारलं सुदिक न्हाय." आणि उठून गेले. तुझ्याकडे यायचं धाडस त्यांना होईल का ते मला माहीत नाही. आले तर त्यांना पाणी दे, एवढंच म्हणते. बाकी तुझं तू ठरव.

हे सगळं तुला आज ना उद्या गावातून कळणारच आहे. कळेल तेव्हा सगळे सांगतील, आयेशानं तुझं नाव धुऊन काढलं. परवापासून लोक मला तेच म्हणताहेत, आणि ते ऐकवत नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. निशे, त्या दिवशी पंधरा बायका आणि आपण दोघी होतो. मीही मिश्री लावत नव्हते. तू सरीत पडायच्या थोडं आधी मी विहिरीच्या मागे जाऊन दोनदा ओकले होते.  तोंड धुतलं, ओढणीनं पुसलं आणि परत येऊन तुझ्या बाजूच्या सरीत उभी राहिले. बाळाबाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुला काय झालं न्हाय न्हवं?" मी म्हटलं, "न्हाय." चार दिवसांनी तू मला पाणवठ्यावर गाठून म्हणालीस, "तू तर माझ्यासंगं हुतीस. तू तरी सांग की त्यांना." तुला वाटलं असेल की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. होतं. दोघींना एकाच सकाळी झालं एवढं जरी मी बोलले असते, तरी बाळाबाईंचं तोंड बंद झालं असतं. मला वाटलं, माझ्याबद्दलही तेच बोलतील. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली पोरगी, अब्बा नाव काढून आणतील. परवा बाळाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या तेव्हाही मी त्यांच्यासमोर माईक हातात धरून उभी होते, आणि परवाही मी बोलले नाही. काल संध्याकाळी अब्बांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मी तुझं कॉलेज बंद केलं नसतं, आयेशा. तू मला इच्यारलं न्हाईस." त्यानंतर मला झोप नाही. येत्या रविवारी गणपतरावांच्या शेडमध्ये खुडणीच्या सगळ्या बायका येणार आहेत, बाळाबाईही असतील. तिथं मी हे जसंच्या तसं सांगणार आहे. तू यावंस असं फार वाटतं. नाही आलीस तरी मी सांगणार आहे. पण त्यांच्याआधी ते तुला माहीत असायला हवं होतं. दहा वर्षं आधी.

तू म्हणू देशील तर तुझीच,
आयेशा